पाटलाची तागडी

आपल्याकडे कोणत्याही घराण्याचा इतिहास विचारा, तो पानिपतापाशी जाऊन थांबतो. कोणाचा तरी खापरपणजोबा तिथे पडलेला असतो, आणि जो पडला नाही तो निदान एक तलवार घेऊन परत आलेला असतो. आमच्या घरी तलवार नाही. माळ्यावर आहे ती पितळी पारड्यांची एक तागडी, पायलीपासून निळव्यापर्यंतची मापे, आणि लाल कापडात बांधलेल्या अकरा खतावण्या. हा आमचा पराक्रम.

गाव सातारा जिल्ह्यातले, माण तालुक्यातले. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येतो. आला तर आला, आणि आला तरी जेवायला थांबेलच असे नाही. आमच्या घराण्याकडे गावची मुलकी पाटीलकी होती. भाऊबंदांच्या शाखांत ती पाळीपाळीने फिरे, आणि आमच्या शाखेची पाळी आली तेव्हा ती आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, अंगावर पडली. मान मोठा: पोळ्याला आमचे बैल पहिले, होळीत आमची पोळी पहिली. प्राप्ती मात्र अशी की बैलांच्या झुली विकत घ्याव्यात तर पोळी लाटायला गहू उरू नयेत.

तेव्हा आबांनी दुकान घातले. आजीच्या गळ्यातल्या पुतळ्या मोडून फलटणहून गाडीभर माल आणला: मीठ, मिरची, गूळ, काड्यापेट्या, घासलेटचे दोन डबे. आज यात काही विशेष वाटणार नाही. त्या वेळी मात्र भाऊबंदकीत आकाश कोसळले. पाटलाने काठी धरावी, तागडी वाण्याने. आमच्या आत्याबाई सांगत, की थोरल्या वाड्यातले चुलते महिनाभर आमच्या दारावरून गेले नाहीत, पांदीतून वळसा घालून गेले. "पाटलानं मिठाचा पुडा बांधायचा?" असे त्यांनी देवळात विचारले म्हणे. आबा म्हणाले, "पुडा मी बांधतो. सोडायला तुम्ही आहातच." पुढे त्याच चुलत्यांचे खाते वहीत सर्वांत लांब झाले, हे मी स्वतः वाचले आहे.

दुकान म्हणजे ओसरीची डावी बाजू. धान्य मापाने, गूळ-मिरची वजनाने, आणि घासलेट चिमणीत मावेल तेवढे. रोकड फार थोडी. कोणी कोंबडीची अंडी आणी, कोणी पसाभर मटकी, कोणी एक दिवस मळणीला येई. नगद पैसा मुंबईहून यायचा, गिरणीत गेलेल्या मुलांच्या मनिऑर्डरीने; पोस्टमन गावात शिरला की दुकानातली उधारी मनातल्या मनात थोडी हलकी होई. १९५७ साली नवे पैसे आले. एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस, हे गणित आबांनी आम्हा नातवंडांना पाठ करायला लावले. एकेक आणा करून तीनदा माल घेतला तर अठरातच भागते, हा शोध गावातल्या पोरांना आमच्या आधी लागला होता, ही गोष्ट वेगळी.

ओसरीची उजवी बाजू सरकारची. तिथे रुमालात बांधलेले दप्तर, पावतीपुस्तक आणि साऱ्याचा भरणा तालुक्याला नेण्याची पिशवी. मधे चार हात जमीन. त्या चार हातांत आबांचा सगळा जन्म गेला असे मला वाटते.

कारण अडचण साधी नव्हती. शेतकऱ्याच्या हातात हंगामाला वीस रुपये येणार. ते त्याने उजव्या बाजूला साऱ्यात भरायचे, की डाव्या बाजूला उधारीत? दोन्हीकडे हात पसरून बसलेला माणूस एकच. त्यातून आणेवारीचे प्रकरण. पीक सोळा आण्यांपैकी किती आले हे गावोगाव ठरे. सहा आण्यांच्या खाली उतरले तर निम्मा सारा तहकूब, चारांच्या खाली गेले तर सगळाच. कचेरीतून सर्कल येई, बांधावर उभा राही आणि पाटलाला विचारी. आता पाहा: आबांनी आणे कमी सांगितले तर सारा थांबणार आणि गावचा पैसा दुकानात येणार. जास्त सांगितले तर गाव नागवणार. म्हणजे खरे बोलले तरी सर्कलला वाण्याचा संशय, आणि कसेही बोलले तरी गावाला पाटलाचा. "आबा, औंदा किती आनं?" हा प्रश्न गिऱ्हाईक गूळ जोखताना विचारी, आणि आबा उत्तर म्हणून तागडीच्या काट्याकडे बोट करीत.

लक्ष्मीपूजनाला आजी पाटावर नवी खतावणी मांडी. एका वर्षी तिने शेजारी सरकारी दप्तरही ठेवले. घरात लक्ष्मी येते ती दोन्ही वाटांनी, असा तिचा हिशेब. आबांनी ते उचलून फडताळात ठेवले. "ते आपलं नाही. त्याला कुंकू लावू नका."

१ जानेवारी १९६३ रोजी महाराष्ट्रातली वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी कायद्याने संपली. आबांनी दप्तर तलाठ्याच्या स्वाधीन केले आणि परत येऊन गिऱ्हाइकाला अर्धा किलो साखर दिली. तोवर शेरही गेला होता. दुकान पुढे दहा वर्षे चालले. १९७२ च्या दुष्काळात सगळा गाव खडी फोडायला गेला, रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो आला, आणि उधार द्यायला दुकानात माल राहिला नाही.

या दुष्काळाची एक कथा आमच्या घरात लग्नाकार्यांत सांगितली जाते. आबांनी म्हणे उधारीच्या सगळ्या वह्या बंबात घातल्या आणि गाव ऋणमुक्त केला. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. माझेही येत. परंतु अकराच्या अकरा वह्या माळ्यावर आहेत. मला थोडी मोडी येते. निवृत्तीनंतर दोन पावसाळे मी त्या वाचल्या. आबांनी काहीही जाळले नाही. आणा-पैनी वसूल केले, कुठे पाच वर्षांनी, कुठे बापाचे मुलाकडून. नवऱ्याला प्लेग झाला म्हणून तीन महिने कोरे सोडले आणि चौथ्या महिन्यात पुन्हा लिहिले. मला हे आबा बंबातल्या आबांपेक्षा अधिक ओळखीचे वाटतात.

एका पानाने मात्र मला थांबवले. शके १८६५, म्हणजे १९४३ साल. ओढ्यापलीकडच्या एका विधवेच्या नावावर चौऱ्याऐंशी रुपये सहा आणे येणे, त्याखाली आबांच्या अक्षरात, "ओढ्याचा तुकडा लिहून दिला, खाते पुरे." तो सव्वातीन एकरांचा तुकडा आज माझा चुलतभाऊ कसतो. आम्हाला लहानपणी सांगितले होते की तो विकत घेतला. घेतलाच होता म्हणा. कागद चोख आहे. पण उधारी मागणारा आणि गावचा पाटील एकच असताना ती बाई नाही कोणाकडे जाऊन म्हणणार होती?

पुढच्या पानापासून त्याच नावावर दर महिन्याला एक पायली जोंधळे मांडलेले आहेत. किंमत लिहिलेली नाही, बेरीज नाही. असे सलग, आणि मग नोंद थांबते. ती बाई गेली असावी. याला दान म्हणावे, की हप्ता, मला ठरवता येत नाही.

चुलतभाऊ म्हणाला, "नाना, वही वर होती ती वरच असू दे की." त्याचेही चूक नाही, त्याने त्या जमिनीत विहीर पाडली आहे. पण त्या बाईचा नातू मुंबईच्या गिरणीतून परतून गावातच राहतो, आमच्याच वयाचा. गेल्या जत्रेत तो पारावर भेटला तेव्हा मी त्याला घरी बोलावले आणि वही पुढे ठेवली. त्याला मोडी येत नव्हती. मी बोट ठेवून वाचत गेलो, आणि तो जोंधळ्यांच्या नोंदी भिंतीवर कोळशाने रेघा मारून मोजत गेला. सहासष्ट झाल्या.

"बारा पायल्यांचा मण," तो म्हणाला, "म्हणजे साडेपाच मण." थोडा वेळ रेघांकडे पाहत राहिला. "स्वस्तात गेली की हो जमीन आमची."

चुलतभाऊ चहा सांगायला आत गेला. तो गृहस्थ चहाला थांबला. जाताना त्याने विचारले, त्या पानात आजीचे नाव कुठे आहे, तेवढे एकदा दाखवा. मी दाखवले. मोडीत नाव लांबलचक दिसते. त्याने त्यावरून बोट फिरवले आणि वही आपल्या हाताने लाल कापडात बांधली.