ज्युलियाबाईंना का आवडलं नाही?

‘ज्युली अँड ज्युलिया’ या सिनेमात शेवटाकडे एक फोन येतो. ज्युलिया चाइल्डच्या पुस्तकातला एकेक पदार्थ करून त्यावर वर्षभर ब्लॉग लिहिणाऱ्या ज्युली पॉवेलला एक पत्रकार कळवतो, की नव्वदीच्या ज्युलियाबाईंना तुमचं लिखाण पसंत नाही. ज्युली रडते. नवरा समजूत घालतो, तुझ्या मनातली ज्युलिया आहे ना, तीच महत्त्वाची. झालं! पुढे बदकाचा अवघड पदार्थ जमतो, मित्रमंडळी जेवायला जमतात, प्रेक्षक खूश. त्या म्हाताऱ्या बाईंना का आवडलं नाही, हे कुणी विचारतच नाही. सिनेमा माझा अतिशय आवडता आहे आणि हा प्रसंग मला दर वेळी तितकाच लागतो.

सिनेमा २००९ चा, नोरा एफ्रनचा शेवटचा. गोष्ट खरीच आहे. न्यूयॉर्कमधली ज्युली दिवसभर ऑफिसात लोकांच्या तक्रारींचे फोन घेते, पिझ्झाच्या दुकानावरच्या लहानशा घरात राहते आणि २००२ साली ठरवते, की ३६५ दिवसांत ज्युलियाच्या पुस्तकातले ५२४ पदार्थ करायचे. दुसरीकडे १९४९ नंतरचं पॅरिस, आणि तिथे स्वयंपाक शिकणारी ज्युलिया, म्हणजे मेरिल स्ट्रीप. तिच्याबद्दल वेगळं काय सांगायचं! ज्या आनंदानं ती जेवते, तो बघून आपल्याला भूक लागते. ब्लॉगवरची पहिली प्रतिक्रिया ज्युलीच्या आईचीच येते, तिथे पुढे स्वतः ब्लॉग लिहायला लागल्यावर मी खूप हसले, कारण आमच्याकडेही घरच्यांशिवाय कोण वाचत होतं?

दिरांनी पुण्याहून आणलेल्या डीव्हीडीवर सिनेमा पाहिला आणि मीही ब्लॉग लिहायला लागले. माझ्याकडे ज्युलियाचं पुस्तक नव्हतं, सासूबाई होत्या. लग्नात मिळालेली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ होती. १९७० साली आलेल्या या पुस्तकानं वाटी-चमच्याचं माप देऊन आमच्यासारख्या किती जणींना उभं केलं, याची मोजदाद नाही. त्याच्याही साठ वर्षं आधी, १९१० मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ लिहून ठेवलं होतं. म्हणजे मराठी बायकांनी मापं लिहून ठेवली नाहीत असं कुणी म्हणू नये. पण आमच्या नागपूरचा गोळाभात, वडाभात, पाटवडीचा रस्सा यांची जी चव घरात होती, ती सासूबाईंच्या हातात होती, कागदावर नव्हती. ती मला लिहून ठेवायची होती.

त्यातली पुडाची वडी सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं.

थंडीत गोकुळपेठेच्या बाजारात सांबार (म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर) ढिगानं येतो. सासूबाई तो संध्याकाळी निवडून धुतात आणि जुन्या सुती धोतरावर रात्रभर पसरतात. सकाळी मूठभर उचलून गालाला लावतात. गार लागला तर अजून ओल आहे, अजून तासभर राहू दे. मग कोवळ्या काड्यांसकट बारीक चिरायचा. कढईत थोड्या तेलावर खसखस, किसलेलं सुकं खोबरं, चारोळी, लसूण, तिखट, मसाला परतायचा आणि गॅस बंद करून मगच सांबार घालायचा, नाहीतर तो मरगळतो. वरचं आवरण बेसनाचं, त्यात जराशी कणीक आणि कडकडीत मोहन. पारी लाटली की आतून चिंचेच्या कोळात कालवलेला मसाला बोटानं फिरवायचा, सारण भरून पुडी बांधतात तशी बंद करायची आणि मध्यम आचेवर तळायची. सोबत कढी. सारणात ओल राहिली तर वडी तेलात फुटते, आणि एक फुटली की कढईभर तेल गढूळ होऊन पुढच्या सगळ्या वड्यांवर काळे कण बसतात.

हे सगळं मी लिहिलं, गालासकट. सासूबाईंच्याच स्टीलच्या ताटलीत वड्या मांडून फोटो काढला. ताटलीच्या काठावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, पूर्वी लग्नातल्या भांड्यांवर घालायचे तसं. हौसेनं त्यांना वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला.

‘‘गालाले लावतो हेबी लिहिलं? जगाले कायले सांगून राहिली तू हे?’’

पुढे त्या काही बोलल्या नाहीत, पण बरेच दिवस स्वयंपाकघरात मी गेले की त्या आपलं काम आटोपतं घेत. मला वाईट वाटलं, रागही आला. मी त्यांचं कौतुकच केलं होतं ना? घराबाहेर कुणाला त्यांची चव ठाऊक होती? ज्या गावात २०१७ साली विष्णू मनोहरांनी सलग ५३ तास स्वयंपाक केला आणि लोकांनी तो गर्दी करून पाहिला, त्याच गावात जन्मभर चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बाईबद्दल चार ओळी लिहिल्या तर बिघडलं कुठे?

मग एका पेपराची पुरवणी आली. नाव घेत नाही. शेजारच्या काकूंनी सकाळीच आणून दाखवली, ‘‘तुझी वडी आली बघ पेपरात.’’ माझी होती खरी. वाक्यं माझी, फोटो माझा, खाली नाव भलत्याच बाईंचं. फोटो कडेनं कापला होता, पण नीट कापला नव्हता. ताटलीच्या काठावर सासूबाईंच्या नावाची पहिली दोन अक्षरं शिल्लक होती. ती दोन अक्षरं बघून माझ्या अंगाची जी आग झाली, ती आजही हे लिहिताना होते आहे. शब्द कुणी उचलले तर एक वेळ समजू शकते. पण दुसऱ्याच्या घरातलं, नाव घातलेलं भांडं उचलायचं, नाव कापायचं, आणि तेही धड कापायचं नाही!

फोन केला. एकानं दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्यानं ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ सांगितलं. शेवटी जे बोलले ते शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, पाककृती काय कुणाच्या मालकीची असते? घरोघरी हेच करतात.’’ जिन्नसांच्या यादीवर कुणाचा हक्क नसतो, हे मलाही कळतं. पण वाक्यांवर असतो, फोटोवर असतो. ते मी सांगितलं. ‘‘मेल करा,’’ म्हणाले. मेल केली, परत केली, ताटलीचा फोटो जोडून केली. उत्तर नाही. ज्या बाईंचं नाव छापलं होतं त्यांनी स्वतः ते पाठवलं, की ऑफिसातल्या कुणी जागा भरायला नाव चिकटवलं, हेही मला कधी कळलं नाही. मला वाटतं, ‘घरोघरी हेच करतात’ हे वाक्य फक्त बायकांच्या कामाबद्दलच वापरलं जातं. गवयाच्या चिजेबद्दल असं बोलायची कुणाची छाती आहे?

सासूबाईंना पुरवणी दाखवू नये, असं आमच्या ह्यांचं मत होतं. मी दाखवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश सगळं वाचलं. नावाबद्दल अवाक्षर नाही. मग म्हणाल्या, ‘‘यायनं वाळवाचं लिहिलंच नाही. गालाचंबी काढून टाकलं. वड्या फुटतील ना बापा लोकायच्या!’’

खरंच, पुरवणीत नुसतं ‘सांबार धुऊन चिरून घ्यावा’ एवढंच ठेवलं होतं. जागा कमी पडली असावी. आणि ज्या गालावरून माझ्याशी अबोला धरला होता, तोच वगळला म्हणून त्या दिवसभर धुसफुसत होत्या.

त्यानंतर मी सिनेमा पुन्हा पाहिला तेव्हा ज्युलियाच दिसत राहिली. सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल यांच्यासोबत एकेक पदार्थ पुन्हा पुन्हा करून तिनं कित्येक वर्षं मापं पक्की केली. एका प्रकाशकानं पुस्तक नाकारलं, तेव्हा ती कशी कोसळते ते सिनेमाच दाखवतो. नॉफ प्रकाशनाच्या ज्युडिथ जोन्सना त्याचं मोल कळलं आणि १९६१ मध्ये ते निघालं. लुइझेतनं काम कमी केलं म्हणून तिचा वाटा किती, यावरची बोलणीसुद्धा सिनेमात आहेत. म्हणजे कष्टाचा हिशेब असतो, हे या सिनेमाला पक्कं ठाऊक आहे. तरी चाळीस वर्षांनी त्याच बाईंना काही खटकलं, तर ते म्हातारपणाचा हेका असल्यासारखं बाजूला सारलं जातं. आपल्या ‘गुलाबजाम’मध्ये (२०१८) सचिन कुंडलकरांनी हे जास्त खरं दाखवलंय. लंडनहून आलेल्या आदित्यला डबे करणारी राधा आधी दारातूनच वाटेला लावते. तिच्या रागाला तिथे जागा आहे. शिकायचं तर तो राग सोसावा लागतो.

असं माझं मत बनलं होतं. मग एका दुपारी सासूबाईंना शेजारी बसवून ‘ज्युली अँड ज्युलिया’ लावला, इंग्रजी संवाद मी मराठीत सांगत होते. कांदे चिरून चिरून ज्युलिया डोंगर रचते, तिथे त्या खुदकन हसल्या. पण ज्युलीबद्दल त्यांनी निकालच दिला, ‘‘त्या पोरीनं आंधी भेटाले पायजे होतं बाईले. विचाराले पायजे होतं.’’ आणि मी, एवढी ज्युलियाच्या बाजूची, ज्युलीसाठी भांडायला लागले. म्हटलं, आई, एवढ्या मोठ्या बाईपर्यंत ही पोचणार कशी? नोकरी करून, रात्री अकराला जेवून, झोप लागून रस्सा करपला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिली ना? तिच्यामुळे किती जणांनी ते जुनं पुस्तक पुन्हा उघडलं! विचारत बसली असती तर एक ओळ तरी लिहिली असती का? २०२२ मध्ये ज्युली पॉवेल अवघ्या ४९ व्या वर्षी गेली, तेव्हा मला घरचं माणूस गेल्यासारखं झालं होतं, तेही सांगितलं. सासूबाई ‘‘अरेरे, लहान होती गं,’’ एवढंच म्हणाल्या. भेटायला पाहिजे होतं, हे मात्र त्यांनी सोडलं नाही.

लिहिणाऱ्या मैत्रिणींना एवढंच सांगते, पदार्थ कुणाकडून आला ते लिहा, गाव लिहा, आणि फोटोवर स्वतःचं नाव मधोमध घाला, कडेला नको. सासूबाईंचं नाव घालू का, असं मी विचारलं तर त्या नको म्हणतात. मला ते पटत नाही. सध्या ‘सासूबाईंची वडी’ असं ठेवलंय आणि त्यावरून आमचं अधूनमधून वाजतं.

पुरवणीनं दुरुस्ती छापली नाही. त्यामुळे ज्यांनी ते कात्रण जपून ठेवलं असेल त्यांच्यासाठी सासूबाईंचा निरोप इथेच देते: सांबार आदल्या संध्याकाळी धुवा, सुती कापडावर पातळ पसरा, पंख्याखाली चालेल पण उन्हात नको. सकाळी गालाला लावून बघा. गार लागला तर चिरायला घेऊ नका.