सर्वांत लांब सावली

दिल्लीतील एक निवृत्त विज्ञानशिक्षिका दर २२ डिसेंबरला गच्चीवर एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करतात. घड्याळात साधारण १२ वाजून २० मिनिटे झाली की सूर्य बरोबर दक्षिणेला येतो. तो क्षितिजापासून जेमतेम ३८ अंश वर असतो आणि सावली सुमारे १२८ सेंटिमीटर भरते. मध्यान्हीची ही वर्षातील सर्वांत लांब सावली.

वेळ पाहण्याचे काम पूर्वी त्यांच्या पतींकडे असे. यंदा घड्याळ आणि खडू दोन्ही त्यांच्याच हाती होते.

भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत हा दिवस १ पौष. उत्तरायण येथूनच सुरू होते. मकरसंक्रांतीचा दिवसही एके काळी हाच होता. संपातचलनामुळे सुमारे सतराशे वर्षांत ती जानेवारीच्या मध्यापर्यंत सरकली.

दिवस मोठा होऊ लागतो, पण दिल्लीतील सूर्योदय जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोज किंचित उशिराच होत जातो. उजेड आधी संध्याकाळच्या बाजूने वाढतो. वर्गात अनेकदा शिकवलेली ही गोष्ट यंदा त्यांना मोठा आधार वाटली. पहाट अजून काळोखीच असली, तरी वळण मागे पडलेले असू शकते.

रेघ ओढून झाल्यावर त्यांनी पेरूच्या फोडींना तिखटमीठ लावले, भाजलेल्या शेंगा सोलल्या आणि उन्हाकडे पाठ करून बराच वेळ बसून राहिल्या.

चार दिवसांनी पुन्हा मोजले, तेव्हा सावली खडूच्या रेघेच्या जाडीइतकीही हलली नव्हती. त्यांनी तेवढेच वहीत नोंदवले.