दहा फुटांवरून

१

कासारसाईतल्या आमच्या घरात सध्या आहे ते असं : ४० इंची फुल एचडी टीव्ही, पाच स्पीकर आणि सबवूफर असलेलं डीव्हीडी होम थिएटर, गच्चीवर डिश. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत अंतर दहा फूट. ५५ इंची फोरके घ्यायचा का, यावर घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं आहे आणि प्रत्येकाकडे कारण आहे.

२

हिंजवडीकडच्या एका शोरूममध्ये भिंतभर टीव्ही. सगळ्यांवर मोराचा पिसारा, धबधबा, कापलेलं कलिंगड. उजेड इतका वाढवलेला की दोन मिनिटांत डोळे दमले. विक्रेत्याला म्हटलं, “दादा, यावर रोजचा मराठी चॅनल लावून दाखवाल का?” त्यानं लावला. भिंतीवरचे निम्मे टीव्ही एकसारखे दिसायला लागले.

३

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ४० हजार असेल तर पूर्वी ५१,२०० द्यावे लागत, आता ४७,२००. चार हजार वाचतात. न घेतला तर ४७,२०० वाचतात.

४

दूरदर्शनच्या जुन्या चित्रात ६२५ रेघा, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या. फुल एचडीत १,०८०. फोरकेत २,१६०. ठिपक्यांत मोजलं तर सुमारे ४ लाख, मग २० लाख, मग ८३ लाख.

५

डोळ्यांच्या दवाखान्यातला तक्ता आठवावा. ६/६ नजर म्हणजे सहा मीटरवरून अक्षराची साधारण पावणेदोन मिलिमीटर जाडीची रेघ वेगळी ओळखता येणं. दहा फुटांवरून हाच हिशेब सुमारे ०.९ मिलिमीटर येतो. त्याहून बारीक ठिपके शेजारी शेजारी असतील तर डोळा त्यांना एकच धरतो.

आमच्या ४० इंची टीव्हीचा ठिपका ०.४६ मिलिमीटरचा. ५५ इंची फुल एचडी असता तर ०.६३. म्हणजे दहा फुटांवरून ५५ इंचांतही फुल एचडी आणि फोरके यांच्या बारकाव्यात ६/६ डोळ्याला फरक कळणार नाही. तो कळायला सात फुटांच्या आत बसावं लागेल, नाहीतर पडदा ७७ इंचांच्या पुढे न्यावा लागेल. तरुण, तीक्ष्ण नजरेला थोडं जास्त दिसेल, इतकंच.

साध्या चॅनलचं मात्र वेगळं. ७२० ठिपक्यांची ओळ आमच्या पडद्यावर ताणली की एकेक ठिपका सव्वा मिलिमीटर रुंद होतो. तो दहा फुटांवरूनही जाणवतो. साध्यावरून एचडीवर येणं हा खरा बदल. एचडीवरून फोरकेवर जाणं आमच्या खोलीत तेवढा नाही.

६

आईची अट एकच : आषाढीला पहाटेची महापूजा लागते तेव्हा विठोबाचा चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी पिकायची वाट बघू नका असं सांगितलंय.

७

गावात बऱ्याच घरांत टीव्ही एचडी आहे, सेट-टॉप बॉक्सही एचडी आहे, आणि दोघांमध्ये पिवळी-पांढरी-लाल वायर आहे. पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. शेजारच्या काकांकडे ती काढून एचडीएमआय केबल लावली. काकू स्वयंपाकघरातून आल्या नि म्हणाल्या, “नवीन घेतला का हो?”

८

‘स्टार प्रवाह’ आणि ‘झी मराठी’ दोन्हींच्या एचडी वाहिन्या २०१६ साली सुरू झाल्या. डिशच्या पॅकेजमध्ये त्या आहेत का, हे बिलात तपासायचं. टीव्ही बदलण्याआधी बघायची ही पहिली गोष्ट.

९

कारखान्याचा हंगाम सुरू झाला. श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याकडे ट्रॅक्टरच्या रांगा. रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या. संध्याकाळी एका कोपीपुढे पाण्याच्या कळशीला मोबाइल टेकवून ठेवलेला, समोर पोरंसोरं, दोन बाया, एक म्हातारा. सहा इंचांचा पडदा. कुणी हलत नव्हतं.

१०

कासारसाई धरणाकडेच्या, भाड्यानं मिळणाऱ्या एका बंगल्यात पडवीत प्रोजेक्टर आणि शंभर इंची पडदा. शनिवारी रात्री पाहुणे आले की तो उलगडतात. राखणदार सांगत होता, बहुतेक वेळा त्यावर गाणी लागतात आणि लोक पडद्याकडे पाठ करून जेवतात.

११

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९७३ मध्ये सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्याच्या परिसरात चित्र पोचलं. रंग आला १९८२ मध्ये. पहिल्या दहा वर्षांत कृष्णधवल पाहणाऱ्यांना चित्र अपुरं आहे असं वाटल्याचं घरातल्या मोठ्यांपैकी कुणीही सांगत नाही. अँटेना सिंहगडाकडे वळलेला आहे ना, याचीच काळजी असे.

१२

गहुंजेचं मैदान इथून जवळ. १९ ऑक्टोबर २०२३ ला तिथं भारत-बांगलादेश सामना झाला, कोहली नाबाद १०३. ते शतक आम्ही घरात बसून पाहिलं. चित्र गहुंज्याहून निघून सुमारे ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहापर्यंत गेलं आणि कासारसाईत उतरलं.

१३

वळवाचा पाऊस आला की डिशचं चित्र आधी चौकोनी तुकड्यांत फुटतं, मग जातं. घरोघरच्या डिशवर येणाऱ्या लहरी १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, त्या पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, विखुरतात. पाऊस ओसरला की आपोआप परततात. यावर महागडा टीव्ही हा उपाय नाही.

विजांचं मात्र गंभीरपणे घ्यावं. कडकडाट सुरू व्हायच्या आधीच प्लग काढायचा, आणि डिशची वायरही काढायची. वीज त्या वायरीनंही आत येते. आजचे बहुतेक टीव्ही कमी-जास्त दाब सोसतात, अचानक येणारा झटका सोसत नाहीत. म्हणून सर्ज प्रोटेक्टर आणि नीट केलेलं अर्थिंग. इलेक्ट्रिशियनला बोलवायला हवं.

१४

‘संत तुकाराम’, १९३६. प्रभात फिल्म कंपनी, दामले-फत्तेलाल, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव. देहू इथून काही लांब नाही.

त्या काळच्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौकोनी. आजच्या रुंद टीव्हीवर डावी-उजवीकडे काळे पट्टे येतात. भाचा लगेच रिमोट घेऊन चित्र ताणतो. ताणलं की पागनीसांचा चेहरा रुंद होतो, वारकरी बुटके होतात. ते पट्टे राहू द्यावेत. ज्यांनी चित्र रचलं, त्यांची चौकट मोडायचा आपल्याला हक्क नाही.

१५

प्रभात १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. त्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट. ८ जानेवारी २००३ ला तिथल्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेट फिल्मची कितीतरी मूळ रिळं गेली. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यानंही विझत नाही.

१६

१९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच. जुन्या चित्रपटांचं फोरके पुनरुज्जीवन राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून होत आलं आहे. सत्यजित राय यांचा ‘प्रतिद्वंद्वी’ (१९७०) असा नवा होऊन २०२२ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. फोरकेचं मोल मला इथं पटतं. मूळ फिल्ममध्ये जे आहे ते शक्य तितकं उतरवून ठेवायला एवढे ठिपके लागतातच. जपणाऱ्याची गरज मोठी आहे, दहा फुटांवरून बघणाऱ्याची तेवढी नाही.

१७

चित्रपट सेकंदाला २४ चौकटी. नव्या टीव्हीत मधल्या चौकटी स्वतः बनवून भरण्याची सोय असते आणि ती बहुधा चालूच येते. तिच्यामुळे जुना सिनेमाही मालिकेसारखा दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची. ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ लावायचं. खर्च शून्य.

१८

पाच माणसं टीव्ही बघताना सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य : “काय म्हणाला तो?”

चित्राबद्दल घरात अशी तक्रार मी ऐकलेली नाही.

१९

टीव्ही जितका सपाट, तितकी स्पीकरला जागा कमी. आवाज खाली नाहीतर मागच्या भिंतीकडे जातो. पाच स्पीकरच्या मांडणीत मधला स्पीकर मुख्यतः संवादासाठी असतो. आमचा मधला स्पीकर शोकेसच्या आत, देवाच्या फोटोमागे होता. आता टीव्हीच्या खाली, तोंड सोफ्याकडे. मेनूमध्ये जाऊन त्याचा आवाज दोन पायऱ्या वाढवला. आईनं त्या दिवशी एकदाही विचारलं नाही.

२०

खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, तीन बाजूंना रंगवलेल्या उघड्या भिंती. टाळी वाजवली की खोली उत्तर देते. सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांचं कपाट एवढ्यानं शब्द मोकळे झाले.

२१

होम थिएटर जुनं म्हणून फेकायची घाई नको. टीव्हीवर आणि होम थिएटरवर ‘एआरसी’ लिहिलेला एचडीएमआय पोर्ट असेल तर एकाच केबलनं टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरवर येतो. नसेल तर ऑप्टिकल केबल. तिच्यातून डॉल्बी डिजिटलचे ५.१ नीट जातात. पुढे कधी फोरके टीव्ही आलाच तर नवा प्लेअर थेट टीव्हीला जोडायचा, आवाज तेवढा जुन्याकडे पाठवायचा.

२२

नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएसचा वेग मागतं, फोरकेसाठी १५. तासाचा हिशेब केला तर सव्वादोन जीबी आणि पावणेसात जीबी. ब्लू-रे तबकडीवरचं फुल एचडी चित्र ४० एमबीपीएसपर्यंत जातं, आणि आवाज काटछाट न करता येतो. नुसता ठिपक्यांचा आकडा ऐकून दर्जा कळत नाही. तो आकडा भरायला किती माहिती येते, हेही विचारावं.

२३

१९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबानं एचडी डीव्हीडी सोडून देत असल्याचं जाहीर केलं. ब्लू-रे जिंकली. ज्यांनी आधी घाई करून एचडी डीव्हीडीचे प्लेअर घेतले होते, त्यांच्यासाठी नवे चित्रपट यायचे थांबले.

२४

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कानला होता. महाराष्ट्रात जत्रेजत्रेला तंबू घेऊन जाणारे सिनेमावाले त्यात आहेत. गंजलेला प्रोजेक्टर, ट्रक, आणि नंतर डिजिटल यंत्र. नवं यंत्र घेणं त्यांच्यासाठी हौस नव्हती, नव्या चित्रपटांची रिळं येणंच बंद होत होतं. त्यात प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक वयस्क कारागीर आहे. त्यानं स्वतःच्या डोक्यानं घडवलेलं यंत्र तो ज्या हातांनी दाखवतो, ते हात प्रत्येकानं बघावेत.

२५

कपाटात आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट. पावसाळ्यातल्या दमटपणानं फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली आहे. तिच्यात आडव्या तपशिलाच्या जेमतेम २४० रेघा. कुठल्याही मोठ्या पडद्यावर ती धूसरच दिसणार. पण तिच्यात आजोबा चालताना दिसतात. बुरशी साफ करून डिजिटल करून देणारे पुण्यात आहेत. टीव्ही पुढच्या दिवाळीलाही मिळेल. ही फीत तोवर टिकेलच असं नाही.

२६

वरच्या माडीवर जुना काचेच्या नळीचा टीव्ही पडून आहे. भंगारवाला नळी फोडून तांबं काढतो. त्या काचेत शिसं असतं आणि ते ओढ्याकाठच्या ढिगात जातं. ई-कचरा परवानाधारक केंद्राकडेच द्यायचा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत उत्पादकांवरही जबाबदारी आहे. नवा टीव्ही घेतला तरी, न घेतला तरी, हे काम करायचंच.

२७

नव्या टीव्हीच्या बाजूनंही लिहून ठेवतो. चांगल्या एचडीआर पडद्यावर अंधारातला चेहरा आणि खिडकीतलं ऊन दोन्ही एकाच वेळी शाबूत राहतात, आणि हा फरक दहा फुटांवरूनही दिसतो. मोठा पडदा मोठा असतो, त्यालाही अर्थ आहे. पण एचडीआर असं नुसतं खोक्यावर छापलेल्या स्वस्त, मंद पडद्यावर यातलं काही होत नाही.

२८

ठरलं ते क्रमानं : आधी आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया. मग लग्नाची कॅसेट. मग अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर. एचडी पॅकेज चालू, स्पीकर नव्या जागी. टीव्ही बंद पडेपर्यंत हाच. बंद पडला की चांगला एचडीआर असलेला ५५ इंची, आणि सोफा तीन फूट पुढे.

तुम्हीही शोरूमला जाण्याआधी घरात टेप लावून अंतर मोजा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा की त्यांना नीट दिसत नाही की नीट ऐकू येत नाही. पैसे कुठे घालायचे ते तिथंच कळेल.