सुट्टीतली सायकल

१
गाडीच्या टपावर सायकल बांधून अकोल्याहून गुहागरला निघालो. मेहकरच्या चहावाल्यानं आधी सायकल पाहिली, मग मला. "इकती महागाची सायकल, अन् थे गाडीवर बसून चालली?"

२
मे महिन्यात अकोल्यात सूर्य गुहागरपेक्षा वीसेक मिनिटं आधी उगवतो. त्यातून गुहागरच्या पाठीशी डोंगर. उजेड होतो, पण ऊन अंगावर यायला वेळ लागतो. घाम मात्र उन्हासाठी थांबत नाही.

३
घरच्यांशी ठरलं ते असं: नाश्त्याच्या आत परत. नाश्ता किती वाजता, हे मात्र आंबोळ्या घालणाऱ्या काकूंवर अवलंबून. त्या लवकर उठणाऱ्या निघाल्या.

४
अकोल्यातली मेची दुपार धरा: ४३ अंश, आर्द्रता १५ टक्के. किनाऱ्यावरची धरा: ३३ अंश, ७५ टक्के. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं, तर अकोल्यात पारा २३च्या आसपास उतरतो, किनाऱ्यावर २९ला अडतो. अंगावरच्या घामाचंही हेच गणित. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता गळला तर काहीच नेत नाही. गुहागरला हँडलवरून घाम टपटपतो, जर्सी पिळून दोरीवर टाकली तर दुसऱ्या सकाळी तशीच ओली. अकोल्यात ती घरी पोचेपर्यंत कोरडी, पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे.

म्हणून अकोला सोपं, असं नाही. तिथली हवाच अंगापेक्षा गरम. वारा लागतो तोही तापवतो. आणि घाम आलेला दिसत नाही, म्हणून पाणी प्यायचं राहून जातं.

५
आईनं गुहागरच्या खोलीत पाऊल टाकताच विचारलं, "कूलर कुठी हाय?" घरमालक म्हणाले, "काकू, इथे त्याचा काय उपयोग?" वाळ्याच्या ताट्या, टाकीत पाणी, रात्रभर घरघर ह्याशिवायही उन्हाळा असतो, हे तिला पटलेलं नाही.

६
आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं २०२४ मध्ये उष्म्याची नियमावली आणली. तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा मिळून एक आकडा काढतात. तो २८ किंवा त्यावर गेला की लाल पट्टा. मग सगळ्यांनी बसून ठरवायचं: शर्यतीची वेळ बदलायची, टप्पा छोटा करायचा, की रद्द. आमच्याकडे हे काम बायको आकड्याशिवाय करते.

७
सागरी मार्ग नकाशात समुद्राला धरून जातो. प्रत्यक्षात खाडी आली की उतार, मग पूल किंवा बोट, मग जांभ्यातला चढ, वर सडा, म्हणजे उघडं कातळ. सड्यावर सावलीला झाड नाही. कोकण हिरवंगार म्हणणाऱ्यानं मेमधला सडा पाहिलेला नसतो.

८
अकोला-अमरावती रस्त्यावर चढ म्हणजे वारा. मेमध्ये तो बहुतेक पश्चिमेकडून. जाताना आपण फार जोरात चालवतो असं वाटतं. मूर्तिजापूरला रसवंतीवर थांबायचं, अमरावतीला मेहुण्याकडे जेवायचं. परतीचं मेहुण्याच्या गाडीनं.

९
तवसाळहून जयगडला बोट. शास्त्री नदीचं मुख. बोटीत ट्रक, रिक्षा, माशांच्या टोपल्या, माझी सायकल. एका आजोबांनी सायकलभोवती फेरी मारून विचारलं, "बॅटरी खंय ठेवलीत?" बोरगाव मंजूला ह्याच सायकलीवर असताना एक जण म्हणाला होता, "पेट्रोल परवडत नाही काय भाऊ?"

१०
मे २०२४च्या शेवटच्या आठवड्यात अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू होतं. दंगल नव्हती. ऊन होतं. कामगारांना पाणी-पंखे द्या, शिकवण्या दुपारी घेऊ नका, असा आदेश. त्या आठवड्यातही पहाटे पाचला सायकलवाले दिसत. जमाव म्हणावा इतके नाहीत.

११
आमच्या अकोला-अमरावती महामार्गाचं नाव गिनीज बुकात गेलं. ३ जून २०२२ला सकाळी काम सुरू झालं, ७ जूनला संध्याकाळी संपलं. १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण, सलग. आधीचा विक्रम कतारचा, २५.२७५ किलोमीटर. तो कशाचा, हे इकडे फारसं कोणी सांगत नाही. सायकल ट्रॅकचा.

विक्रमी रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर मी सायकल चालवतो. समोरून, त्याच पट्टीवरून, मोटरसायकलवर तिघं येतात.

१२
त्याच कतारनं २०१६च्या ऑक्टोबरमध्ये दोह्याला रस्त्यावरच्या सायकलिंगची जागतिक स्पर्धा भरवली. पुरुषांची शर्यत अडीचशे किलोमीटरच्या वर. वाळवंटातल्या आडव्या वाऱ्यानं घोळका तुकड्या-तुकड्यांत फुटला. स्लोव्हाकियाचा पीटर सागान जिंकला. रस्त्याकडेला प्रेक्षक जवळजवळ नव्हते, अशी जगभर टीका झाली. दुपारी एकला अकोल्याच्या टॉवर चौकात कोणी शर्यत भरवून पाहावी.

१३
खारं पाणी पाहायला वऱ्हाडच्या माणसानं कोकणात जायची गरज नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा आहे. दहीहंड्याकडे सायकल नेली की बाटली हापशावर भरू नये. आईचं माहेर त्या भागातलं. समुद्राचं पाणी तिनं बोटानं चाखलं अन् म्हणाली, "हे जास्त हाय."

१४
चेन रोज गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून, तेल देऊन ठेवली. तरी गंज. घरमालकांच्या व्हरांड्यात त्यांची स्वतःची सायकल उभी आहे, चेनकव्हरवाली. तिला कोणी धूत नाही. रोज बाजारात जाऊन येते.

१५
मुलीला सायकल नको, समुद्र हवा. मला दोन्ही हवं, पण तिला पोहताना पाहायला कोणीतरी किनाऱ्यावर लागतं. सायकलची पँट घालून वाळूत बसणारा बाप इतर मुलांच्या कुतूहलाचा विषय होतो.

१६
राष्ट्रीय महामार्ग ५३ हजीऱ्याला सुरू होतो आणि पारादीपला संपतो. अकोल्यावरून जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना समुद्र आहे. बाळापूरच्या वळणावर हे लक्षात येणं कठीण.

१७
नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्यानं पुरी केली. पॅसिफिकच्या काठावरून निघायचं, लगेच वाळवंट, मग पर्वत, आणि बारा दिवसांच्या आत पूर्व किनारा. सुमारे ४,८०० किलोमीटर. विदर्भाच्या माणसाला त्यातला वाळवंटाचा भाग घरच्यासारखा वाटला असेल, असं मेहुणा म्हणतो. मेहुणा सायकल चालवत नाही.

१८
ट्यूब फुटली. अरुंद व्हॉल्व्हची गुहागरच्या दुकानात नाही. दुकानदार म्हणाला चिपळूणला बघा, चिपळूणच्यानं फोनवर पुण्याचं नाव घेतलं. अकोल्यातही पुण्याचंच घेतात.

१९
मेहुण्याचा फोन. पुढच्या मेमध्ये चिखलदरा. परतवाड्यापासून घाट, वर सुमारे ११०० मीटर, हवा कोरडी, कॉफीची झाडं, घामाची भानगड नाही. त्यानं खोल्यासुद्धा पाहून ठेवल्यात. तो गाडीनं येणार आहे.