अटकेची वेळ

"ताई, पहाटं उचललंय दोघांना. मलाबी ठाण्यात ये म्हणतेत."

फोन वाशी तालुक्यातल्या एका पारधी पिढीवरून, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरून होता. बाईचा नवरा आणि धाकटा दीर, दोघांनाही पोलिसांनी नेलं होतं. बालाघाटाच्या माथ्यावरच्या एका पवनचक्कीची तांब्याची केबल चोरीला गेली होती. मी धाराशिव जिल्ह्यात विधी सेवेच्या कामातली वकील आहे. डोंगरपट्ट्यात पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून असे फोन वाढलेत. केबल गेली की गाडी आधी पिढीवर येते, पुरावा शोधायला मागाहून सुरुवात होते.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, तू ठाण्यात जायचं नाहीस. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर बाईला तिच्या राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० मध्ये हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७९ मध्येही आहे. दुसरी, आत्ताच्या आत्ता ११२ ला फोन लाव आणि किती वाजता, कुणी नेलं तेवढं सांग. मदतीला कुणी येवो न येवो, त्या फोनची वेळ कुठेतरी लिहिली जाते.

वेळेचा हा आग्रह मी का धरते ते सांगते. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, असं संविधानाचं अनुच्छेद २२ सांगतं. पण माणूस पहाटे उचलायचा आणि 'अटक दाखवायची' संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, हे मी कितीदा पाहिलंय. मधल्या तासांत तो कागदावर कुठेच नसतो. त्याला वकील नाही, वैद्यकीय तपासणी नाही, घरच्यांना कळवणं नाही, कारण हे सगळे हक्क अटकेपासून सुरू होतात आणि अटक तर झालेलीच नसते. मारहाण व्हायची ती याच तासांत होते.

ठाण्यात पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. ठाणे अंमलदारांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. बोलण्यात अदब होती.

"मॅडम, अजून अटक नाही. नुसती विचारपूस चाललीय."

"मग त्यांना माझ्याबरोबर घरी जाऊ द्या."

"तसं कसं? साहेब तपासाला गेलेत."

"जाता येत नसेल तर ती अटकच झाली. अटकेचा पंचनामा दाखवा, वेळ दाखवा."

ते गप्प झाले. माणूस एक तर मोकळा असतो नाहीतर अटकेत, कायद्यात तिसरी जागा नाही. ती तिसरी जागा ठाण्यातल्या डीबी, म्हणजे गुन्हे शोध पथकाच्या खोलीत असते. मी तिथेच बसून हाताने अर्ज लिहिला. पहाटेची वेळ, ११२ ला केलेल्या फोनची वेळ, माझी पोहोचण्याची वेळ, सगळं घातलं आणि आवक शिक्का मारून मागितला. शिक्का मिळायला बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात दोन-तीन फोन झाले, आणि मग मला आत सोडलं.

चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३८ देतं. वकील सगळा वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. दोघं भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. मोठ्याच्या तळपायांवर वळ होते. "कोऱ्या कागदावर आंगठा घेतला ताई," तो म्हणाला. मी सांगितलं, नाव-गाव विचारतील ते खरं सांग. त्या रात्री कुठं होतास, केबल कुणाला विकलीस, याची उत्तरं दिलीच पाहिजेत असं नाही. स्वतःविरुद्ध बोलायला कुणी भाग पाडू शकत नाही, अनुच्छेद २०(३). हे संरक्षण कोर्टातल्या पिंजऱ्यापुरतं नाही, पोलिसांच्या प्रश्नांनाही आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली नंदिनी सत्पथींच्या खटल्यात सांगितलं. त्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री होत्या. त्यांना मिळालेला तो हक्क आता या मजुराच्या कानावर पडत होता, आणि त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते, दाराकडे होते. हवालदार दारात उभा होता.

लोक मला विचारतात, पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालतच नाही, मग मारतात कशाला? उत्तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात आहे. जुन्या कायद्यात ते कलम २७ होतं. कबुली चालत नाही, पण आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या सांगण्यातला तेवढा भाग पुरावा म्हणून चालतो. म्हणून निवेदन पंचनामा, दोन पंच, आणि 'आरोपीने स्वखुशीने दाखवलेल्या' ठिकाणाहून निघालेली तांब्याची तार. या एका परंतुकापायी किती तळपाय सुजले असतील! माझं ठाम मत आहे की वकिलाच्या भेटीआधी घेतलेल्या अशा निवेदनाला कोर्टांनी काडीची किंमत देऊ नये.

पिढीवरच्या लोकांना यातलं काही नवं नाही. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण हजेरी घेणारी नजर गेली नाही. तीच नजर सांगणारं लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ सालचं. त्यांचं धनेगाव आता लातूर जिल्ह्यात असलं तरी १९८२ पर्यंत ते आमच्याच, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतं.

त्या संध्याकाळी धाकट्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन सोडलं. मोठ्याची अटक दाखवली, आणि अटकेची वेळ लिहिली माझ्या अर्जावर शिक्का बसल्यानंतरची. अटकेची कारणं लेखी दिली. नोव्हेंबर २०२५ च्या मिहीर शहा निकालानंतर ती आरोपीला कळेल अशा भाषेत लेखी द्यावीच लागतात. कागद मराठीत होता, पण त्याला वाचता येत नाही. मी वाचून दाखवला, आणि न समजलेलं त्याच्या बायकोने फोनवरून पारधी बोलीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रिमांड. "पोलिसांबद्दल काही तक्रार?" हा प्रश्न न्यायाधीश विचारतातच, आणि आरोपी "नाही" म्हणतो, कारण पोलीस त्याच्या कोपराला धरून उभा असतो. मी विनंती केली की पोलिसांना बाहेर थांबायला सांगून विचारावं. न्यायाधीशांनी तसं केलं, आणि त्याने चप्पल काढून पाय दाखवले. मी परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीचं प्रकरण मांडलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला, शवविच्छेदनात अनेक जखमा निघाल्या, आणि पोलिसांवर गुन्हा नोंदवा असा आदेश उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाला द्यावा लागला. जखमा माणूस जिवंत असताना लिहिल्या गेल्या पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं होतं. शासकीय रुग्णालयात पुन्हा तपासणीचा हुकूम झाला. सरकार पक्षाने सात दिवसांची पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मागितली होती, दोन दिवसांची मिळाली, रोज वकिलाच्या भेटीच्या अटीवर. त्या दोन दिवसांत त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. केबलही सापडली नाही. जामीन झाला.

आता माझी लढाई कॅमेऱ्यासाठी आहे. प्रत्येक ठाण्यात दार, व्हरांडा, लॉकअप सगळीकडे सीसीटीव्ही हवा आणि चित्रण जपून ठेवायचं, हे परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये बजावलंय. त्या पहाटेचं चित्रण पुसू नये आणि कोर्टात हजर करावं, असा अर्ज मी दिलाय. लॉकअपचं नको, मला फक्त फाटकावरच्या कॅमेऱ्याचं हवंय. जीप किती वाजता आत आली ते त्यात दिसेल. पोलिसांचं म्हणणं आलंय की त्या काळात यंत्रणा दुरुस्तीला होती. दुरुस्तीचं पत्र, कंत्राटदाराचं बिल आणि ठाणे दैनंदिनीतली त्या दिवसाची नोंद मी मागितली आहे. पुढच्या तारखेला त्यावर युक्तिवाद आहे.