त्रेचाळीस दात

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अण्णांचं शिक्षण गॅरेजात झालं. गेल्या दिवाळीत एक जुनी सीजे-३बी जीप आली. क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८. म्हणून ताशी ६०लाच इंजिन ओरडायचं. मालकाला निवांत पळणारी गाडी हवी होती. उपाय ३९-८ची जोडी, पुढेही तीच. नाहीतर फोर-व्हीलला पुढची-मागची चाकं भांडतात. भागाकार मी केला : हजार फेऱ्यांमागे ९३ वाचतात. अण्णा एवढंच म्हणाले, "घाटात ओढ कमी पडेल." आणि मालकाला ते सांगायला मला पुढे केलं. "तू शिकलेला."

मालकानं विचारलं, "घाटाचं तुला कुणी सांगितलं?"

"अण्णांनी."

मग अण्णांकडे वळून, पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणत, त्यानं पुढचं विचारलं.