शिडाची बोट आणि अजाण फळ



डिसेंबरात लेकीकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हा जावयांनी सेंट जॉन या कॅरिबियन बेटाभोवती चार दिवस शिडाच्या बोटीवर राहायचं ठरवलं. माझा पहिला प्रश्न अर्थातच स्वयंपाकाचा! तर बोटीत गॅसची छोटी शेगडी असते, टांगलेली. बोट कितीही कलली तरी पातेलं सरळच. मुगाची खिचडी छान झाली. तिथे डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, म्हणून आमची ताटं पाचलाच. टाकीतलं पाणी मोजूनमापून वापरायचं. मी ते गाळून घेत होते. जावई नुसते हसले.

खरी काळजी नातवाची होती. नऊ वर्षांचा आहे. त्याच्या लेखी आज्जीचा धर्म म्हणजे 'हे नको, ते नको'.

या बेटाचा निम्म्याहून जास्त भाग १९५६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. माहो बे नावाच्या खाडीत कासवं समुद्रतळाचं गवत चरतात, अगदी गाईसारखी. नांगर टाकला तर ते गवत उपटतं, पोवळी मोडतात. म्हणून तिथे पाण्यात कायमचे बोये बसवलेत, बोटीचा दोर त्यालाच बांधायचा. मला ही पद्धत फार आवडली. नातवाला म्हटलं, बघ, यांचंही 'नको' आहेच की. त्याने खांदे उडवले.

तिसऱ्या दिवशी एका किनाऱ्यावर उतरलो. झाडाखाली छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं पडली होती, वासही गोड. हा लगेच वाकला. मी ओरडले, "अजाण फळ आहे, हात लावू नकोस!" "आज्जी, तुझं सगळंच नको!" दहा पावलांवर पाटी होती. झाडाचं नाव मॅन्चिनील. फळ विषारी, चिकाने कातडीवर फोड येतात. पावसात त्याखाली उभं राहिलं तरी भाजल्यासारखं होतं. स्पॅनिश लोक त्याला मृत्यूचं सफरचंद म्हणतात. नातवाने पाटी दोनदा वाचली.

आपल्या बावीस अभक्ष्यांत अजाण फळ आहे ते केवळ विषापायी, असं मी म्हणणार नाही. पण त्या क्षणी तोंडातून शब्द निघाला तो पाठांतरामुळेच.

अ‍ॅनाबर्गला जुन्या साखर कारखान्याचे अवशेष पाहिले. रस आटवायच्या काहिलींच्या जागा पाहून आपलं गुऱ्हाळ आठवलं, पण इथे राबले ते गुलाम. १७३३ मध्ये त्यांनी बंड करून काही महिने बेटाचा बराचसा भाग ताब्यात ठेवला. पुढे १९१७ मध्ये डेन्मार्कने ही बेटं अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकली. बी.कॉम.च्या सवयीने मी आकडा वहीत टिपला. राबणाऱ्यांचा हिशोब मात्र कुठल्या खात्यात धरला असेल?

टेकडीवर पांढरा चाफा रानात आपोआप वाढलेला. आपल्या बस्तीच्या अंगणातला चाफा मूळचा अमेरिकेकडचा, आणि सीताफळही! लेकीला खरंच वाटेना.

रात्री डेकवर नातू म्हणाला, "आज्जी, तुझ्या यादीत अजून काय काय आहे?" पंच उदुंबरांपर्यंत त्याने मुकाट ऐकलं. वांग्यापाशी अडला. वांगं का नको, यावर दर रविवारी फोनवर आमचा वाद अजून चालू आहे.